सहावीनंतरचं दार

"अफगाणिस्तानात मुलींची शाळा बंद आहे म्हणतात, म्हणजे नक्की काय बंद आहे हो?" असं आपल्या फोनच्या कार्यक्रमात एका ताईंनी विचारलं होतं. त्यांच्यामागोमाग आणखी दोघींनी तेच विचारलं. त्या दिवशी वेळ संपत आली होती, म्हणून आज सगळा वेळ या एकाच विषयाला दिला आहे. देश लांबचा आहे खरा. पण या गोष्टीत पुढे एक रेडिओ केंद्र येणार आहे, आणि तेही बायकांनी बायकांसाठी चालवलेलं, तेव्हा आम्हाला ही गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

आधी 'नक्की काय बंद' ते सांगतो. अफगाणिस्तानात पहिली ते सहावी ही प्राथमिक शाळा. त्यापुढे सातवी ते नववी, मग दहावी ते बारावी. मुलींना सहावीपर्यंत शाळेत जाता येतं. सहावी पास झाली की मुलीची शाळा संपली. सातवीचा वर्ग तिच्यासाठी नाही, बारावी नाही, कॉलेज नाही. तिच्या बरोबरीचा भाऊ सातवीत जातो आणि ही घरी राहते. सरकारनं हुकूम काढून मुलींना प्राथमिकनंतर शाळेत यायला मनाई केली आहे, असा आज जगाच्या पाठीवर हा एकच देश आहे.

आता कुणी म्हणेल, मुली शाळेबाहेर तर कितीतरी देशांत आहेत. आहेत ना. युनेस्को ही संयुक्त राष्ट्रांची शिक्षणाचं काम बघणारी संस्था. तिच्या २०२३ सालच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे २५ कोटी मुलं-मुली शाळेबाहेर होती, आणि त्यात मुली होत्या १२ कोटी २० लाख. म्हणजे मुलगेही तेवढेच, उलट थोडे जास्तच. हे ऐकून आम्हालाही नवल वाटलं होतं. कुठे लढाई चालू आहे, कुठे फी परवडत नाही, कुठे मुलगा लहानपणीच कामाला लागतो, कुठे मुलीचं लग्न उरकून टाकतात. पण या बहुतेक ठिकाणी शाळेचं दार उघडं असतं, मूल तिथवर पोचत नाही. अफगाणिस्तानात मुलगी दारापर्यंत पोचली होती, आणि मग दार लावून घेतलं. म्हणून त्या देशाचा हिशोब वेगळा मांडावा लागतो.

हे घडलं कसं ते क्रमानं सांगतो. १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबाननं काबूल घेतलं. महिन्याभरानं, सप्टेंबरात, माध्यमिक शाळा सुरू करण्याचा आदेश निघाला. त्यात लिहिलं होतं की मुलांनी आणि पुरुष शिक्षकांनी शाळेत हजर व्हावं. मुलींनी येऊ नये असं कुठेच लिहिलं नव्हतं. मुलींचं नावच नव्हतं. आपल्याकडे नाही का, वाटणीच्या कागदावर बहिणीचं नाव घालायचंच राहून जातं, तसंच हे. नाही म्हणायची गरजच पडत नाही.

मग २३ मार्च २०२२ उजाडला. तिकडे २१ मार्चच्या सुमाराला नवरोज, म्हणजे नवं वर्ष सुरू होतं, आणि थंड भागातल्या शाळांचं वर्षही त्यानंतरच सुरू होतं. शिक्षण खात्यानंच जाहीर केलं होतं की या वेळी मुलींच्याही शाळा उघडणार. मुली नटूनथटून नव्हे, पण दप्तरं भरून आल्या. वर्गात बसल्या. आणि काही तासांतच निरोप आला की घरी जा. कारण काय, तर मुलींचा गणवेश कसा असावा हे अजून ठरायचं आहे. तो गणवेश अजून ठरतोच आहे. त्याच वर्षी २० डिसेंबरला विद्यापीठांची दारं बायकांना बंद झाली. आणि डिसेंबर २०२४ मध्ये नर्सिंगचं आणि सुईणीचं शिक्षण देणाऱ्या संस्थांनाही सांगण्यात आलं की मुलींना घेऊ नका.

युनेस्कोनं ऑगस्ट २०२४ मध्ये मोजलं तेव्हा या बंदीमुळे शिक्षण तुटलेल्या मुली कमीत कमी १४ लाख होत्या. आधीपासूनच शाळेबाहेर असलेल्या मुली त्यात मिळवल्या तर आकडा २५ लाखांच्या आसपास जातो. शाळेच्या वयाच्या दर दहा मुलींमागे आठ.

तिकडच्या बायका पहिल्यापासूनच मागे होत्या, असं मात्र कुणी समजू नका. काबूलमध्ये मुलींची शाळा निघाली ती १९२१ च्या सुमाराला, राणी सोराया हिच्या पुढाकारानं. पुढे कधी राजे बदलले, कधी रशियाचं सैन्य आलं, कधी आपसात लढाया झाल्या, आणि प्रत्येक वेळी मुलींची शाळा कधी उघडली, कधी मिटली. १९९६ ते २००१ तालिबानचं पहिलं राज्य होतं, तेव्हाही मुलींना शाळा बंद होती. ते राज्य गेलं त्या वेळी देशातल्या प्राथमिक शाळांत मुली जवळजवळ शून्य होत्या. २०१८ पर्यंत त्या २५ लाख झाल्या. सतरा वर्षांत शून्यापासून २५ लाख! यातल्या कितीतरी जणींच्या आया अंगठा उठवणाऱ्या होत्या.

त्यांच्याकडे बारावीनंतर विद्यापीठात जाण्यासाठी एक मोठी परीक्षा असते, तिला कान्कोर म्हणतात. २०२१ साली त्या परीक्षेत साऱ्या देशात पहिली आली ती एक मुलगी. तिचा निकाल लागला त्याच ऑगस्ट महिन्यात तालिबान काबूलमध्ये शिरलं होतं. पुढच्या वर्षी, ३० सप्टेंबर २०२२ ला, काबूलच्या दश्त-ए-बर्ची भागातल्या एका शिकवणी वर्गात याच परीक्षेची सराव चाचणी चालू होती. तिथे आत्मघाती स्फोट झाला. पन्नासहून अधिक जीव गेले, आणि त्यात बहुतेक मुली होत्या. हा भाग हजारा लोकांच्या वस्तीचा आहे आणि हजारांवर असे हल्ले आधीही झाले होते. त्यानंतर काही दिवसांतच खरी परीक्षा झाली, आणि मुली परीक्षेला बसल्या. त्या वेळी शेतकी, पत्रकारिता, इंजिनियरिंग असे कितीतरी विषय मुलींना आधीच बंद केले होते. तरी बसल्या. आणि अडीच महिन्यांत विद्यापीठच बंद झालं.

पण २०२१ च्या आधी सगळं छान होतं, असंही आम्ही म्हणणार नाही. २०१८ साली युनिसेफनं सांगितलं होतं की अफगाणिस्तानात ३७ लाख मुलं शाळेबाहेर आहेत आणि त्यातल्या शंभरात साठ मुली आहेत. तेव्हा बंदी नव्हती. मग का? तर शाळा लांब, वाट डोंगराची, मध्येच गोळीबार, शाळेला भिंत नाही, संडास नाही, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शिकवायला बाई नाही. मुलगी वयात आली की पुरुष मास्तरच्या वर्गात बसवायला घरचे तयार नसत. ही अडचण आपल्या आजीच्या वेळी आपल्याही गावात होती.

अंतराबद्दल एक फार बोलकी गोष्ट आहे. घोर हा अफगाणिस्तानच्या मधला डोंगराळ, गरीब प्रांत. तिथे २००७ साली दोन संशोधकांनी ३१ गावांत एक प्रयोग बघितला. काही गावांत गावातच छोटी शाळा सुरू केली, एखाद्या घरात नाहीतर मशिदीत, आणि शिकवायला शक्यतो तिथलंच माणूस. बाकीच्या गावांतली शाळा एका वर्षानं सुरू होणार होती. त्या एका वर्षात पहिल्या गावांमध्ये शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण किती वाढलं असेल? शंभर मुलींमागे ५२ मुली जास्त. मुलगेही वाढले, पण मुली इतक्या वाढल्या की मुलगा-मुलगी यांच्यातला शाळेतला फरक जवळजवळ पुसून गेला. कुणाला भाषण दिलं नव्हतं, पैसे वाटले नव्हते. शाळा जवळ आणली होती, एवढंच. आई-बापांना मुलगी शिकवायची नसते, हे आपण किती सहज बोलतो! खूपदा त्यांना मुलगी लांब पाठवायची नसते. आपल्याकडे मुलींना एसटीचा पास फुकट केला, त्यामागचं कारणही हेच आहे. पास असून गाडीच वेळेवर येत नाही, ही तुमची तक्रार आम्हाला ठाऊक आहे, त्यावर वेगळा कार्यक्रम करू.

आता उलट्या बाजूनं हिशोब करू या. सातवीचा वर्ग बंद केला तर पुढे काय काय बंद होतं?

बाळंतपणाचंच घ्या. २००२ साली अफगाणिस्तानात पाहणी झाली, तेव्हा एक लाख बाळंतपणांमागे सुमारे १६०० बायका दगावत होत्या. बदख्शान प्रांतातल्या राग नावाच्या भागात तर हा आकडा साडेसहा हजारांवर होता. जगात कुठेही एवढा मोठा आकडा तोवर नोंदला गेला नव्हता. डोंगरात बर्फ पडलं की सहा-सहा महिने वाट बंद, दवाखाना दिवसा-दोन दिवसांच्या वाटेवर. मग एक उपाय काढला. गावानंच आपल्यातली एक मुलगी निवडायची, तिला सुईणीचं रीतसर शिक्षण द्यायचं, आणि तिनं परत आपल्याच गावात येऊन काम करायचं. आपल्या आशाताईंची निवड गावातूनच होते ना, त्याच धर्तीवर, पण शिक्षण जास्त, बाळंतपण स्वतः करण्याइतकं. शिकलेल्या सुईणी देशात काही शे होत्या, त्या काही हजार झाल्या. २०२० पर्यंत लाखामागे १६०० चा आकडा ६२० वर आला होता, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्या महाराष्ट्राचा आकडा २०१८-२० च्या पाहणीत ३३ होता. म्हणजे त्यांचा ६२० काही चांगला नव्हे. पण हजार बायका वाचल्या तर हजार घरं वाचतात.

सुईण व्हायला आधी शाळा शिकलेली मुलगी लागते. २०२१ मध्ये सहावीत असलेली मुलगी सरळ शिकत गेली असती तर २०२७ मध्ये बारावी झाली असती. आता ती होणार नाही. म्हणजे शाळा बंद केली त्याच दिवशी पुढची नर्स, पुढची सुईण, पुढची डॉक्टरीण बंद झाली होती, फक्त ते दिसायला सहा वर्षं लागणार होती. आधी बारावी झालेल्या मुली होत्या त्यांना नर्सिंगला जाता येत होतं. डिसेंबर २०२४ च्या हुकुमानं तेही संपलं. काही जणींची शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती. आणि याच राज्यात काही प्रांतांत असेही आदेश निघाले आहेत की पुरुष डॉक्टरानं बाईला तपासू नये. पुरुषानं तपासायचं नाही आणि बाईनं शिकायचं नाही, तर मग अडलेल्या बाईला तपासणार कोण? हा प्रश्न विचारायला राजकारण कळावं लागत नाही, एक बाळंतपण झालेलं असलं की पुरे.

मास्तरणींचंही तसंच. बायकांनी मुलग्यांना शिकवायचं नाही असा नियम झाला. परिणाम काय? प्राथमिक शाळेत २०१९ साली ६८ लाख मुलं-मुली होती, ती २०२२ साली ५७ लाखांवर आली. मुलगेही घटले, कारण शिकवणाऱ्याच कमी झाल्या. शिवाय सहावीनंतर पुढे काहीच नाही म्हटल्यावर मुलीला पहिलीत घालायचा उत्साह तरी कुणाला राहणार? वरची पायरी काढून घेतली की खालच्या पायरीवरही कुणी पाय ठेवत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, कारण आपल्याकडे हा विषय निघाला की गाडी लगेच भलत्याच रुळावर जाते. ही बंदी धर्मामुळे आहे असं तालिबान सांगतं. पण इजिप्तमधल्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाचे प्रमुख शेख अहमद अल-तय्यब यांनी डिसेंबर २०२२ मध्येच जाहीरपणे सांगितलं की ही बंदी शरियतच्या विरुद्ध आहे. सौदी अरेबिया, तुर्कस्तान, कतार या मुसलमान देशांनी निषेध केला. खुद्द तालिबानच्या सरकारातले उप-परराष्ट्रमंत्री अब्बास स्तानिकझई यांनी जानेवारी २०२५ मध्ये भर सभेत म्हटलं की या बंदीला काही आधार नाही, आणि त्यानंतर त्यांना देश सोडावा लागला. तेव्हा हा हट्ट सत्तेवरच्या काही थोड्या माणसांचा आहे. त्याचं खापर आपल्या शेजारच्या मुसलमान मैत्रिणीच्या डोक्यावर फोडू नका. तिची मुलगी तुमच्या मुलीच्याच बाकावर बसते.

मग त्या मुली आता करतात काय? पुष्कळ जणी मदरशात जातात, कारण तिथे मोठ्या मुलींनाही जाता येतं. पुष्कळ जणी शिवणकाम करतात, गालिचे विणतात. काहींची लग्नं झाली. आणि काही जणी लपून शिकतात.

लपून शिकण्याची त्या देशाला जुनी सवय आहे. पहिल्या तालिबानच्या वेळची हेरात शहरातली गोष्ट आहे. बायकांना शिकायला बंदी होती, शिवायला नव्हती. मग शिवणाचा एक वर्ग निघाला, नाव 'सोनेरी सुई'. बुरखा घालून बायका तिथे जायच्या. पिशवीत वर कापड, कात्री, दोरा, आणि खाली वही-पुस्तक. आत विद्यापीठातले प्राध्यापक साहित्य शिकवायचे. बाहेर अंगणात पोरं खेळायची, आणि कुणी पहारेकरी येताना दिसला की आत निरोप द्यायची. निरोप आला की वह्या पिशवीत आणि सुया हातात. त्या वर्गातली नादिया अंजुमन पुढे कवयित्री म्हणून नावाजली. शिवणाच्या क्लासला जाते असं सांगून दुसरंच काही शिकून आलेल्या बायका आपल्यातही असतील, त्यांना यातली गंमत आणि भीती दोन्ही कळेल.

आजही घराघरांतून असे वर्ग चालतात. ते कुठे आणि कसे, हे अर्थातच कुणी सांगत नाही, आणि सांगूही नये.

आता आमचा जिव्हाळ्याचा भाग. काबूलमध्ये ८ मार्च २०२१ ला, महिला दिनी, 'रेडिओ बेगम' नावाचं केंद्र सुरू झालं. हमीदा अमान या पत्रकार बाईंनी ते काढलं. बायकांनी बोलायचं, बायकांनी ऐकायचं. पाच महिन्यांनी राज्य बदललं, शाळा बंद झाल्या, तेव्हा या केंद्रानं शाळेचे धडे रेडिओवर लावायला सुरुवात केली. दरी आणि पश्तू या तिथल्या दोन मुख्य भाषांत. मुलीच स्टुडिओत येऊन पाठ्यपुस्तकातला धडा वाचतात, शिकवणाऱ्या बाई समजावून सांगतात. शिवाय आरोग्याचे कार्यक्रम, मनाच्या त्रासाबद्दल सल्ला, बायकांचे फोन. वाचताना आम्हाला सारखं वाटत होतं की हे तर आपलंच काम! फक्त आपल्याला स्टुडिओबाहेर कुणाची चाहूल लागते का, हे बघावं लागत नाही.

मार्च २०२४ मध्ये त्यांनी पॅरिसहून उपग्रहावरून टीव्हीही सुरू केला, त्यावर सातवी ते बारावीचे धडे चित्रांसह असतात. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये काबूलच्या रेडिओ केंद्रावर छापा पडला. दोन कर्मचाऱ्यांना धरून नेलं आणि केंद्र बंद केलं. परदेशातल्या टीव्हीला कार्यक्रम पुरवता, हा आरोप. त्याच महिन्यात पुन्हा सुरू करायची परवानगी मिळाली.

रेडिओवर शाळा चालवणं किती कठीण, हे आम्हाला थोडंफार माहीत आहे. २०२० मध्ये कोविडमुळे शाळा बंद होत्या तेव्हा आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून 'शाळेबाहेरची शाळा' हा कार्यक्रम लागायचा, तुमच्यापैकी काहींच्या घरी ऐकला असेल. तेव्हा आम्हीही आपल्या केंद्रावरून थोडे धडे करून पाहिले. भाषेचा धडा चांगला होतो, गोष्ट ऐकायला पोरं बसतात. इतिहास होतो. गणित आलं की घाम फुटतो. त्रिकोण दाखवायचा कसा? आमच्या बाई म्हणायच्या, "भाकरीचा चतकोर डोळ्यांपुढे आणा." प्रश्न विचारल्यावर थांबायचं किती, हाही एक पेच. रेडिओवर चार सेकंद शांतता झाली की आमच्या तांत्रिक ताई घाबरून काचेमागून हात हलवायच्या, केंद्र बंद पडलं की काय म्हणून. पण मुलाला उत्तर सुचायला ते चार सेकंद लागतात. निकाराग्वा देशात १९७० च्या दशकात रेडिओवरून गणित शिकवलं, तेव्हा त्यांनी मुद्दाम अशा जागा सोडल्या होत्या. रेडिओनं विचारायचं, थांबायचं, मुलांनी मोठ्यानं उत्तर द्यायचं. ती मुलं गणितात मागे तर पडली नाहीतच, नेहमीच्या वर्गातल्या मुलांपेक्षा पुढे गेली. अर्थात तिथे रेडिओ वर्गातच लावला होता आणि समोर शिक्षक होते. एकटी मुलगी स्वयंपाकघरात आवाज बारीक करून ऐकते, तिला चुकलं ते कोण सांगणार?

रेडिओचा फायदा असा की तो भिंतीतून आत जातो आणि कोण ऐकतंय ते कुणाला कळत नाही. इंटरनेटचं तसं नाही. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी तालिबाननं सगळ्या देशाचं इंटरनेट जवळजवळ दोन दिवस बंद केलं. घरात बसून मोबाइलवर परदेशातले वर्ग ऐकणाऱ्या मुलींचे वर्ग तेवढे दिवस अंधारात गेले. रेडिओला सेल असले की झालं.

पण रेडिओ धडा देतो, दाखला देत नाही. इथे आफ्रिकेतल्या सिएरा लिओन देशाची आठवण येते. तिथे २०१४ मध्ये इबोलाची साथ आली, शाळा कितीतरी महिने बंद राहिल्या, आणि धडे रेडिओवरून दिले गेले. साथ ओसरली, एप्रिल २०१५ मध्ये शाळा उघडल्या. पण त्या बंदच्या काळात अनेक मुलींना दिवस गेले होते, कुणावर बळजबरी झाली होती, कुणी पोटासाठी फसली होती. सरकारनं सांगितलं, गरोदर मुलींनी शाळेत यायचं नाही, परीक्षेलाही बसायचं नाही. ज्यानं तिला या अवस्थेत आणलं तो वर्गात, ती बाहेर. पाच वर्षं हा नियम चालला. मग पश्चिम आफ्रिकेतल्या देशांच्या सामाईक न्यायालयात खटला गेला, डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयानं नियम चुकीचा ठरवला, आणि मार्च २०२० मध्ये सरकारनं तो मागे घेतला. तिथे दाद मागायला एक न्यायालय होतं आणि त्याचं ऐकणारं सरकार होतं. काबूलच्या मुलीला आज या दोन्ही गोष्टी नाहीत.

तिला बाहेर जाऊन शिकायचं म्हटलं तरी वाट अरुंद आहे. मार्च २०२२ पासून बाईला घरचा पुरुष सोबत असल्याशिवाय विमानात बसता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये दुबईत शिकायला शिष्यवृत्ती मिळालेल्या मुली काबूलच्या विमानतळापर्यंत पोचल्या होत्या, त्यांना तिथूनच माघारी पाठवलं. आणि आपलंही थोडं सांगायला हवं. पुण्यात वर्षानुवर्षं अफगाण विद्यार्थी शिकायला येतात, त्यात मुलीही असत. ज्या विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाईंचं नाव आहे, तिथेच. कोविडमुळे पुष्कळ जण घरी गेले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या सरकारनं अफगाण नागरिकांना आधी दिलेले व्हिसा रद्द केले. सुरक्षेचं कारण सांगितलं. ते असेलही. पण अर्धं शिक्षण इकडे आणि आपण तिकडे, अशी कितीतरी मुला-मुलींची स्थिती झाली. पुढे आपल्या सरकारनं ऑनलाइन शिकण्यासाठी काही शिष्यवृत्त्या दिल्या. मुलग्याला निदान दुसरा देश शोधता येतो.

घरबसल्या पदवी देणारी परदेशी विद्यापीठं आहेत, काही जण अफगाण मुलींकडून फीही घेत नाहीत. त्यांचा अर्ज भरताना बारावीचा दाखला लागतो. डिसेंबर २०२२ मध्ये तालिबाननं अचानक बारावीच्या मुलींची परीक्षा घेतली होती, वर्षभराहून जास्त वर्गाचं तोंडही न बघितलेल्या मुलींची. त्या मुली बसल्या आणि दाखला मिळवला. त्यांच्या धाकट्या बहिणी तेव्हा सातवीच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्यासाठी अशी परीक्षा अजून लागलेली नाही.